तीन वर्तुळं आणि आमचा ओटा

विद्यापीठ, उद्योग आणि शासन हे तिघे आमच्याकडे राहायला आले तेव्हा बाळ सात महिन्यांचं होतं आणि मला केस धुवायला वेळ मिळालेला नव्हता.

आमच्या तासखेडात नवनिर्मिती होत नाही, अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. आता हे तिघे एकमेकांना अनोळखी होते असं नाही. वर्षातून एकदा एखाद्या परिषदेत ते एका व्यासपीठावर बसायचे, एकाच समईच्या वाती मिळून लावायचे आणि जेवायला मात्र वेगवेगळ्या टेबलांवर जायचे. म्हणून धोरणात असं ठरलं की त्यांनी एखाद्या साध्या घरात एकत्र राहावं, एकाच गिझरचं पाणी वापरावं. राहिले की बोलतील, बोलले की काहीतरी नवीन निघेल.

घर निवडायची पद्धत सरळ होती. गावाच्या नकाशावर विद्यापीठाच्या फाटकाभोवती एक, एमआयडीसीच्या कमानीभोवती एक आणि तहसील कचेरीभोवती एक अशी तीन वर्तुळं काढण्यात आली. ती तिन्ही जिथे एकमेकांत शिरत होती, तिथे आमचा स्वयंपाकाचा ओटा होता. शिल्पा रेसिडेन्सी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

माझा नवरा सुशांत पाणबुडी पंप विकतो, त्यामुळे आठवडाभर फिरतीवर असतो. त्याला फोनवर सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं की त्यांच्याकडे गाडी आहे का, कारण आपल्याला पार्किंग एकच आहे.

उद्योग सगळ्यांत आधी आला, दिलेल्या वेळेच्याही आधी. जाड बूट त्याने दाराबाहेर काढून ठेवले आणि घराची क्षमता किती, असं विचारलं. विद्यापीठ दुपारी आलं, शाली आणि नारळ घेऊन. त्याने माझा सत्कार केला, बाळाचा केला आणि एक नारळ उरला म्हणून त्याच वेळी सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचाही केला. शासनाचं सामान त्याच दिवशी पोचलं, शासन स्वतः पुढच्या आठवड्यात आलं. सामानात पाठीवर टॉवेल टाकलेली एक खुर्ची होती. ती आम्ही टीव्हीसमोर ठेवली, कारण दुसरीकडे मावत नव्हती.

त्यांना हाक काय मारायची हा मला पडलेला पहिला प्रश्न. पाहुणे मोठे, आणि मला घरातल्या लहान पाहुण्यांशीही नीट बोलता येत नाही. विद्यापीठाला मी सर म्हणू लागले, शासनाला साहेब. उद्योगाने स्वतःहून सांगितलं की भावजी म्हणा, शेठ नको, हल्ली ते बरं दिसत नाही. ते मला अनुक्रमे मॅडम, लाभार्थी आणि वहिनी म्हणायचे.

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. म्हणजे तेव्हा रजेवर होते. हे कळल्यावर उद्योगभावजींनी विचारलं, म्हणजे आमच्यातल्याच? मी म्हटलं, सहकारातल्या. ते म्हणाले, मग चुलत. त्यावर शासनाने सांगितलं की सहकार असेल तर नातं त्याच्याही बाजूने लागतं. विद्यापीठाने माझी पदवी विचारली, तर ती त्याचीच निघाली. एकंदरीत माझं माहेर-सासर घरातच जमलं होतं, आणि बाळंतपणाला आलेल्या माणसांसारखे तिघेही मला ‘तू बस’ असं म्हणून स्वतः बसून राहत होते.

माझी खरी अडचण वेगळी होती. निषाद दुपारी झोपत नसे.

निषाद म्हणजे आमचं बाळ. त्याला झोळीत घातलं, जुन्या साडीची मऊ झोळी, की तो तिच्या दोन्ही कडा धरून उठून बसायचा आणि आता पुढे काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहायचा. पुढे काय ते मलाही माहीत नव्हतं. मी गाणी म्हटली. पंखा कमी केला, वाढवला. आयांच्या ग्रुपवर विचारलं, तर तिथे सगळ्यांची मुलं झोपत होती. सासूबाई गडहिंग्लजहून फोनवर म्हणाल्या, सुशांत तर पाटावरसुद्धा झोपायचा. तो अजूनही झोपतो.

पाळणाघराच्या बोरवणकर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की न झोपणारं एक मूल घेतलं की बाकीची झोपलेली सगळी उठतात. आधी दुपारच्या झोपेची सवय लावा, मग आणा. दूध संघाने कळवलं होतं की एक तारखेला रुजू व्हा, नाहीतर जागा भरू. म्हणजे निषाद झोपला तर पाळणाघर, पाळणाघर मिळालं तर नोकरी. मला नोकरी हवी होती. हवी आहे असं मनात आलं की आपण आई म्हणून कमी पडतोय असं वाटायचं, आणि घरी राहायचं मनात आलं की शिक्षण वाया घालवलं असं वाटायचं. कमी पडायला मला दोन्हीकडे जागा होती.

शासन आल्यावर तिघांची पहिली बैठक आमच्या घडीच्या जेवणाच्या टेबलावर झाली. विषय होता, बैठका कशा घ्याव्यात. शेजारी झोळीत निषाद टिपेला पोचला होता आणि मी झोका देत मान खाली घालून बसले होते. विद्यापीठ म्हणालं की आधी ‘बैठक’ या संज्ञेची व्याख्या करायला हवी. उद्योगभावजी म्हणाले, कधीपर्यंत होईल ती? शासन म्हणालं, ते सगळं ठीक आहे, पण हे खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली बसवायचं?

निषाद गप्प झाला. त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, एक जांभई दिली आणि झोपला.

मला आधी वाटलं, त्याला काहीतरी झालं. नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास चालू होता. पोटावर हात ठेवून पाहिला. मग मी तिथेच फरशीवर बसून राहिले, कारण झोपलेल्या बाळाच्या आईने काय करायचं असतं, हे मला आठवेना. बैठक चांगली लांबली. शेवटी शासनाने ‘बैठक समाप्त’ असं म्हटलं, आणि त्या शब्दासरशी निषादचे डोळे उघडले.

एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्यांदा शिकवतात. दुसऱ्या दिवशी मी नीट तपासून पाहिलं. विद्यापीठ एकटंच बोललं तेव्हा निषाद त्याच्या शालीची झालर चोखत टक्क जागा राहिला. विद्यापीठ आणि उद्योग दोघेच बोलले तेव्हा एक बोलताना दुसरा मोबाईल बघायचा, आणि निषाद कुरकुरायचा. उद्योग आणि शासन दोघेच असले की इतकं हळू बोलायचे की तो ऐकायला झोळीबाहेर वाकायचा. शासन आणि विद्यापीठ दोघेच बसले तर आधी कोणी बोलायचं याची वाट पाहत बसत, तेवढ्यात तो रडायला लागे. तिघे मिळून बोलायला लागले की मात्र तो हमखास झोपायचा. आणि काही ठरलं की उठायचा.

म्हणजे माझ्या दृष्टीने सगळं स्पष्ट होतं. तिघांनी बोलत राहायला हवं होतं, आणि काही ठरायला नको होतं.

ते त्यांना फार जड गेलं नाही. तरी रोज विषय लागायचाच, आणि तो पुरवायची जबाबदारी हळूहळू माझ्याकडे आली. मी आयुष्यभर भांडणं मिटवत आलेली बाई. लग्नात मानपानावरून दोन्हीकडच्या काकवा अडून बसल्या तेव्हा मीच शालूचा पदर सावरत मध्ये उभी होते. आता मी पेज ढवळता ढवळता ओट्यापासून विचारायचे, “साहेब, डाळीला कुकरच्या शिट्ट्या तीन कराव्यात की चार?”

शासनाचं म्हणणं, मागच्या वर्षी किती होत होत्या तेवढ्याच कराव्यात. उद्योगभावजींचं म्हणणं, दोनमध्ये होत असेल तर तिसरीचा गॅस कोणाच्या खिशातून? विद्यापीठ म्हणे की शिट्टी हे मोजमापच मुळात शंकास्पद आहे, आपण वाफेकडे बघायला हवं. मग वाफेकडे कोणी बघायचं, त्याला भत्ता काय, आणि बघणाऱ्याला वाफ लागली तर जबाबदार कोण. डाळ शिजून, फोडणी पडून, आमची जेवणंसुद्धा व्हायची, तरी शिट्ट्या चालूच. निषाद हाताच्या मुठी सैल सोडून झोपलेला असायचा.

त्या दिवसांत मी केस धुतले. खिडकीत बसून वाळवले. एका दुपारी टेबलावर गिझरच्या वेळांवरून जुंपलेली असताना मी स्वतःच दिवाणावर झोपून गेले, आणि उठले तेव्हा माझ्या अंगावर विद्यापीठाची शाल होती. माझा कोणत्या कामगिरीबद्दल सत्कार झाला ते मी विचारलं नाही.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “तिघांचीही दृष्ट काढ. ज्याच्यामुळे लेकरू झोपतं, त्यालाच आधी लागते.” मी मीठमोहऱ्या घेऊन तिघांवरून ओवाळल्या. मोहऱ्या तडतडल्या नाहीत. विद्यापीठ म्हणालं, विस्तव कमी पडला.

काळजी मला वेगळीच वाटायला लागली होती. तिघांचं जमायला लागलं होतं. उद्योगभावजी पहाटे भोंगा वाजवायचे, ते त्यांनी विद्यापीठाची झोपमोड होते म्हणून बंद केलं. विद्यापीठ जेवताना प्रस्तावना करेनासं झालं. शासन तर एकदा कोणी न विचारता म्हणालं की दही संपलंय, मी घेऊन येतो, आणि त्याच दिवशी घेऊन आलं. मी ते दही फ्रीजमध्ये सगळ्यांत मागे सारलं. ही माणसं अशीच वागत राहिली तर एखाद्या दिवशी काहीतरी ठरवून बसतील.

महिना संपत आला आणि श्रीमती रेवाळे मूल्यमापनासाठी आल्या. तीन जिने चढून आल्या होत्या, तरी धाप लागलेली नव्हती. गढूळ पाणी प्यायला दिलं तरी पितील अशा शांत बाई. त्यांनी टेबल पाहिलं, टॉवेलची खुर्ची पाहिली, झोळी पाहिली आणि मला नियम सांगितला. तिघांच्या एकत्र राहण्यातून नवनिर्मिती झाली असेल तर कार्य सिद्धीस गेलं, तिघे आपापल्या जागी परत जातील. झाली नसेल तर घर बदलून बघायचं. शेजारच्या तालुक्यात एक घर पाहून ठेवलंय, तिथे बाल्कनी मोठी आहे.

मी विचारलं, म्हणजे झाली तरी जाणार आणि नाही झाली तरी जाणार?

“हो,” त्या म्हणाल्या. “राहण्यासाठी म्हणून राहायची तरतूद नाही.”

मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि त्यात साखर दोनदा घातली. चार दिवसांनी एक तारीख होती. बोरवणकर बाईंकडे मी निषादला दोनदा नेऊन पाहिलं होतं. तिथे तो झोपला नव्हता, आणि कोणालाही झोपू दिलं नव्हतं. तिघांना सोबत पाठवायचं तर बाईंनी शासनाला मुलांत घेणार नाही असं सांगितलं होतं, वयात बसत नाही म्हणून. मला वाटलं, आता संघात फोन करून जागा भरा म्हणून सांगावं. मग असंही वाटलं की एवढ्याशा गोष्टीत ज्या बाईला तीन संस्थांची मदत लागते, तिने नोकरीचा विचारच करू नये.

श्रीमती रेवाळेंना संवाद प्रत्यक्ष बघायचा होता. तिघे टेबलाला बसले. मी निषादला झोळीत घातलं. त्या दिवशीचा विषय होता बाळाची खिचडी किती पातळ असावी. सुरुवात नेहमीसारखी झाली, निषाद झोपला, आणि मी श्रीमती रेवाळेंना अतिगोड चहा दिला.

तिघांनाही बाईंसमोर छाप पाडायची होती. विद्यापीठ म्हणालं, चमच्यावरून सावकाश ओघळेल एवढी पातळ. उद्योगभावजी म्हणाले, बरोबर आहे, तेवढीच परवडते. शासनाने दोघांकडे पाहिलं, टॉवेल सारखा केला आणि म्हणालं, “मग करून टाकू.”

 खालच्या मजल्यावरच्या हसबनीसांच्या मिक्सरचा आवाज वर येऊ लागला. तिघेही एकमेकांकडे पाहत राहिले, काय झालं ते त्यांनाच कळत नसल्यासारखे. श्रीमती रेवाळेंनी पेनाचं टोपण काढलं.

निषाद उठला.

मी झोळीकडे धावणार होते. पण तो रडला नाही. दोन्ही हातांनी झोळीची कड धरून तो बसता झाला, त्याने टेबलावरच्या तिघांकडे पाहिलं आणि बोलला. “द्दा,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “ब ब ब ब. अब्बा.” आणि शेवटी, आवाज किंचित चढवून, “द्दा.”

विद्यापीठाने चष्मा काढला. “मुद्दा दखल घेण्यासारखा आहे,” ते म्हणालं.

“मुद्द्याला माझा विरोध नाही,” उद्योगभावजी म्हणाले. “पण एवढं सगळं अमलात आणायचं म्हणजे वेळ लागेल.”

“हे आधी का मांडलं नाही?” शासनाने झोळीकडे वळून विचारलं. रागावून नाही, रीतसर.

निषादने त्यावर बराच वेळ उत्तर दिलं. मध्ये एकदा त्याने झोळीच्या कडेवर हात आपटला. मी त्याला उचलून घ्यायला उठले, कारण तो घसरेल असं वाटलं, किंवा मला काहीतरी करायला हवं असं वाटलं. श्रीमती रेवाळेंनी माझं मनगट धरलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “त्यांचं चाललंय.”

मी बसले. पहिल्यांदाच असं झालं की निषाद बोलत होता आणि समोरचं माणूस मी नव्हते. खिचडीचा प्रश्न पुन्हा उघडला गेला. विद्यापीठाने पातळपणाची व्याख्या मागे घेतली. उद्योगभावजींनी तांदळाच्या भावाकडे लक्ष वेधलं. शासनाने विचारलं की खिचडी हा विषय नक्की आपल्याच कक्षेत येतो ना. निषाद ऐकत होता, मधूनमधून हरकत घेत होता, आणि उद्योगभावजींचं तुरीवरचं एक लांब वाक्य चालू असताना हरकत अर्धवट सोडून आडवा झाला. त्याच्या मुठी सैल पडल्या.

श्रीमती रेवाळे मला हळूच म्हणाल्या, “हे सदस्य नामनिर्देशित आहेत की निवडून आलेले?”

“पोटचे,” मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या की तशी वेगळी वर्गवारी नाही, पण नागरिकांमध्ये घेता येईल. धोरणात चौथा घटक म्हणून नागरिक यावेत असं पहिल्यापासून लिहिलेलं आहे, फक्त आजवर कुठे कोणी आलं नव्हतं. चौथा घटक सामील झाला असेल तर नवनिर्मिती झाली असंही म्हणता येत नाही आणि झाली नाही असंही म्हणता येत नाही. काम चालू आहे असं म्हणावं लागतं. आणि चालू कामाची जागा मध्येच बदलत नाहीत.

“पुन्हा कधी याल?” मी विचारलं.

“चौथे सदस्य सज्ञान झाल्यावर,” त्या म्हणाल्या, आणि चहा तसाच गोड पिऊन जिना उतरल्या.

सुशांतला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, अठरा वर्षांचा प्रश्न असेल तर पार्किंगचं एकदा सोसायटीत बोलून घ्यायला हवं.

पाळणाघराची गरज उरली नाही. पुढचे चार दिवस आम्ही कामं वाटून घेतली. खिचडी गरम करणं उद्योगभावजींकडे, कारखान्यातली पाळी बदलली की लगेच. ती मनगटावर टाकून फार गरम नाही ना हे पाहणं विद्यापीठाकडे, आणि ते पाहून झाल्यावर त्याने जे वाटेल ते कोणाला समजावून न सांगणं, असंही ठरलं. लंगोट बदलण्याचे अधिकार शासनाने आधी स्वतःकडे राखून ठेवले होते, पण पहिल्याच वापरानंतर विकेंद्रीकरण झालं. खालच्या हसबनीस काकू दुपारी एक चक्कर मारायला तयार झाल्या. त्या म्हणाल्या, “एवढी शिकलेली माणसं घरात असताना कोणीतरी लक्ष ठेवलेलं बरं.”

एक तारखेला मी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवलं, इस्त्रीचा ड्रेस घातला आणि दारात उभी राहिले. निषाद उद्योगभावजींच्या कडेवर होता. मी त्याला म्हटलं, आई येते हं संध्याकाळी. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग विद्यापीठाकडे, ज्याने तेवढ्यात काहीतरी सुरू केलं होतं. मी जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबून कान दिला. रडणं येत नव्हतं. पहिल्या मजल्यावर थांबले, तिथूनही येत नव्हतं. येत नाही याचंही मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जरा लाज वाटली, आणि तेवढ्यात रिक्षा मिळाली.

संघात सगळं होतं तसंच होतं. माझा ॲप्रन कोणीतरी धुऊन ठेवला होता. सकाळच्या टँकरचे नमुने आले होते. मी नळी उजेडात धरून वरची फॅटची रेघ वाचत होते, आणि एकदम पान्हा फुटला. घड्याळात पाहिलं तर त्याची दुपारच्या झोपेची वेळ झाली होती. नळी स्टँडला लावून मी ॲप्रनवर ओढणी घेतली, मागच्या व्हरांड्यात गेले आणि घरी फोन लावला.

शासनाने उचलला, पहिल्या रिंगला.

“निषाद काय करतोय?” मी विचारलं.

“सदस्य बैठकीत आहेत.”

“रडतोय का?”

“नाही,” शासन आवाज खाली आणून म्हणालं. “सदस्य बैठकीत झोपले आहेत.”

मागून विद्यापीठाचा आवाज येत होता, आणि त्याच्यात उद्योगभावजींचा. विषय काय होता ते नीट कळलं नाही. पडदे धुवायचे की झटकायचे, असं काहीतरी असावं.

“काही तातडीचं असेल तर उठवता येईल,” शासन म्हणालं.



“नको,” मी म्हटलं. “चालू द्या.”

मग मी आत गेले, हात धुतले आणि डबा उघडला. भाजी अजून कोमट होती. मी ती बसून, शेवटपर्यंत खाल्ली.